चढणीचा गिअर

कशेळ्याहून कर्जत गाठले, की पुढे बोरघाट लागतो. या घाटातले रेल्वेचे बोगदे १९२०च्या दशकात टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीने खोदले. त्या कंपनीची धुरा होती वालचंद हिराचंद यांच्याकडे.

सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या या कंत्राटदाराला पुढे मोटारीचा ध्यास लागला. १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला, पण युद्धकाळात इंग्रज सरकारने हात दिला नाही. तरी १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. १९४७ मध्ये कुर्ल्याहून डॉज, प्लिमथ बाहेर पडू लागल्या.

याच नावांच्या दणकट गाड्या १९६०च्या दशकात अमेरिकेत पाव मैलाच्या सरळ शर्यतीत गाजल्या. गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीतही मागच्या आसाचे क्राऊन-पिनियन आधीच पारखून बसवावे लागते. ४.१० बसवले तर गाडी जागेवरून उसळते, पण वेगाची मर्यादा लवकर येते. २.७६ बसवले तर सुरुवात मंद, पुढे पल्ला मोठा.

वालचंदांनी त्या शर्यती पाहिल्या नाहीत. ८ एप्रिल १९५३ रोजी ते गेले. त्यांनी आयुष्यभर चढणीचाच गिअर निवडला. परदेशी सुटे भाग जोडण्यापासून सुरुवात करायची आणि मोटार इथेच घडवायची, ही चढण त्यांनी देशाला दाखवली. वेग कमी, पण ओढ दांडगी!