कै. नारायण मेघाजी लोखंडे

गुरुकुंज मोझरीच्या भोंवतालच्या शिवारांत पिकणाऱ्या वऱ्हाडी कापसाचें मुंबईच्या गिरण्यांशीं एके काळीं जवळचें नातें होतें. त्या गिरण्यांतील मजुरांस आठवड्याची सुटी मिळवून देणाऱ्या पुरुषाचें चरित्र आमच्या वाचकांस ठाऊक असावें.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालीं ठाण्यास झाला. रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी करून ते मांडवीच्या गिरणींत स्टोअरकीपर झाले. मजुरांचे हाल त्यांनीं तेथें डोळ्यांनीं पाहिले. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राच्या द्वारें त्यांनीं त्यांस वाचा फोडली. १८८४ च्या सप्टेंबरांत सभा भरवून त्यांनीं साडेपांच हजार मजुरांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आंत, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार: आम्हां वकिलांस हा नोकरीच्या कराराचा मसुदाच वाटतो. मात्र करारास दुसरा पक्ष कबूल व्हावा लागतो! मालकांनीं सहा वर्षें घेतलीं. १८९० च्या एप्रिलांत दहा हजार मजुरांची सभा भरली, तींत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जूनला मालकसंघानें रविवारची सुटी मान्य केली.

परंतु लोखंडे यांच्या संस्थेस ना नियमावली होती, ना सभासदांची यादी. मालकांनीं शब्द फिरविला असता, तर तिनें कोणत्या नात्यानें कोर्टांत उभें राहावें? मजूरसंघांच्या नोंदणीचा कायदा झाला १९२६ सालीं. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारींतच मुंबईच्या प्लेगांत निवर्तले होते.