आईला कळले, तर मूल वाचते
डॉ. सिसिली विल्यम्स यांचे जीवनकार्य

याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला प्रभू येशूने जीवदान दिले, ही शुभवर्तमानातील कथा आपणां सर्वांस परिचित आहे. त्या कथेचा शेवट मात्र आपल्या ध्यानात क्वचितच राहतो. मुलगी उठून चालू लागल्यावर प्रभूने तिला काही खावयास द्यावे, असे घरच्यांना सांगितले. चमत्कार प्रभूने केला; पण लेकराच्या मुखी घास घालण्याचे काम त्याने आईवडिलांच्याच हाती ठेवले. हे काम आईने जाणतेपणाने करावे, यासाठी ज्यांनी आपले अवघे आयुष्य वेचले, त्या डॉ. सिसिली विल्यम्स यांची ओळख आम्ही आज वाचकांस करून देत आहोत. त्या धर्मभगिनी नव्हत्या, मिशनरी संस्थेच्या सेविकाही नव्हत्या. त्या सरकारी नोकरीतील डॉक्टर होत्या. तरीही लेकरांविषयीची जी कळकळ ख्रिस्तसभा आपल्याकडून अपेक्षिते, ती त्यांच्या ठायी ओतप्रोत भरलेली होती.

जमैका ते गोल्ड कोस्ट

सिसिली विल्यम्स यांचा जन्म २ डिसेंबर १८९३ रोजी जमैका बेटावर झाला. त्यांचे वडील तेथील शिक्षण खात्याचे संचालक होते. तेराव्या वर्षी सिसिली शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. एकोणिसाव्या वर्षी त्यांना ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल महाविद्यालयात प्रवेश मिळाला. परंतु भूकंप आणि वादळांनी पोळलेल्या जमैकात आईवडिलांना हातभार लावण्यासाठी त्या परतल्या. १९१६ साली वडील निवर्तले. त्यानंतर वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी ऑक्सफर्डमध्ये वैद्यकीय अभ्यास सुरू केला. पहिल्या महायुद्धामुळे पुरुष विद्यार्थ्यांची वाण पडली होती, म्हणून त्या काळी स्त्रियांना ते दार किलकिले झाले होते. १९२३ साली त्या डॉक्टर झाल्या. लंडनमधील मुलांच्या रुग्णालयात काम करताना त्यांची एक धारणा पक्की झाली. ज्या डॉक्टरने मुलाचे घर पाहिले नाही, त्याला त्या मुलाचा आजार पुरता कळत नाही, ही ती धारणा होय.

१९२९ साली ब्रिटिश वसाहत खात्याने त्यांची नेमणूक गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात केली. हुद्दा होता महिला वैद्यकीय अधिकाऱ्याचा आणि वेतन पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी. तरीही त्या नेटाने कामास लागल्या. त्यांनी परिचारिकांना गावोगाव व घरोघर जाण्यास शिकविले, निरोगी बालकांनाही नियमित तपासणीसाठी आणण्याची प्रथा पाडली आणि प्रत्येक मुलाच्या नोंदीचे कार्ड सुरू केले.

आयांनी सांगितलेले नाव

आक्रा शहरात त्यांच्यासमोर एकसारखी लक्षणे असलेली मुले येऊ लागली. वय साधारण एक ते चार वर्षे. हातापायांवर सूज, पोट फुगलेले, केस विरळ व तांबूस झालेले, त्वचेवर काळे डाग पडून तिचे पापुद्रे सुटत असलेले. मूल सदा किरकिरे आणि उदास. यांतील बहुतेक मुले काही आठवड्यांतच दगावत. पुस्तकांत या आजाराचे वर्णन त्यांना सापडेना. तेव्हा त्यांनी स्थानिक स्त्रियांनाच विचारले. गा भाषेत या आजाराला नाव होते : क्वाशिओरकोर. पाठचे भावंड आले की आधीच्या मुलाला जडणारा आजार, असा त्याचा आशय होता.

जे पुस्तकांत नव्हते, ते त्या एका शब्दात सामावलेले होते. नवे बाळ येताच थोरल्याचे अंगावरचे दूध तुटे आणि त्याच्या वाट्याला नुसती मक्याची पेज येई. पेजेने पोट भरे, पण वाढत्या अंगाला जे हवे ते मिळत नसे. आई मुलाची हेळसांड करीत होती, असे मुळीच नव्हते. आपल्याला ठाऊक असलेले आणि परवडणारे अन्न ती प्रेमानेच भरवीत होती. उणीव प्रेमाची नव्हती. कोणते अन्न सूज आणते आणि कोणते ती टाळते, हे सांगणारे कोणी नव्हते.

१९३३ साली विल्यम्स यांनी हे निरीक्षण वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि १९३५ साली ‘द लॅन्सेट’मधून आजाराचे स्थानिक नावच जगापुढे ठेवले. उष्णकटिबंधीय रोगांच्या काही जाणकारांनी हा निराळा आजार नसून पेलाग्राच आहे, असे म्हणत त्यांचे म्हणणे धुडकावले. पुढे अनुभवाने विल्यम्स यांचा पक्ष खरा ठरला. केवळ प्रथिनांची कमतरता हे या आजाराचे पुरेसे कारण नाही, असे आजचे संशोधन मानते. परंतु दूध तुटल्यानंतरच्या निकृष्ट आहाराशी असलेला त्याचा संबंध त्यांनीच प्रथम स्पष्ट दाखविला, याविषयी वाद नाही. आयांच्या बोलीतले ते नाव आज जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत कायम आहे. शिकविण्याआधी ऐकावे लागते, हा धडा त्यात आहे.

खोटी शिकवण

१९३६ साली त्यांची बदली मलायात झाली. तेथे त्यांना उलटेच चित्र दिसले. ज्या बाळांना आईचे दूध सहज मिळू शकत होते, त्यांना साखर घातलेले डब्यातील आटीव दूध पाजले जात होते. परिचारिकेचा पांढरा पोशाख केलेल्या विक्रेत्या स्त्रिया बाळंतिणींना गाठून हे दूध अंगावरच्या दुधापेक्षा सरस असल्याचे पटवीत. त्या दुधात आवश्यक जीवनसत्त्वे नव्हती, पाणी अस्वच्छ होते आणि डबा महाग म्हणून दूध पातळ केले जाई. परिणामी बाळे जुलाबाने व कुपोषणाने मरत.

१९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे त्यांनी याविषयी भाषण केले. त्याचे शीर्षकच दूध आणि हत्या असे होते. बाळाच्या आहाराविषयी अशी दिशाभूल करणे हा गुन्हा मानावा आणि त्या बालमृत्यूंना हत्या समजावे, अशी त्यांची परखड भूमिका होती. दुधाशी त्यांचे वैर नव्हते. आफ्रिकेतील सुजलेल्या लेकरांवर त्यांनी दुधाचाच उपचार केला होता. त्यांचा रोष आईच्या अजाणतेपणाचा बाजार मांडणाऱ्यांवर होता. आईला शिकविणारे दोन प्रकारचे असतात, एक तिच्या लेकरासाठी शिकवितो आणि दुसरा आपल्या नफ्यासाठी. हे त्यांनी ओळखले होते.

तुरुंगातील बाळे

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य मलायात उतरले. त्या वेळी विल्यम्स त्रेंगानू भागात होत्या. हाल सोसत त्या सिंगापूरला पोहोचल्या. परंतु फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरही पडले आणि त्या चांगी येथील बंदिवासात गेल्या. स्त्रियांच्या छावणीचे नेतृत्व काही काळ त्यांच्याकडे होते. जपानी लष्करी पोलिसांनी त्यांना अनेक महिने चौकशीसाठी कोठडीत डांबले. आमांश आणि बेरीबेरीने शरीर खंगले.

त्या छावणीत वीस बाळे जन्मली. मातांनी सर्वांना अंगावर पाजले आणि वीसही बाळे जगली, असे विल्यम्स पुढे आवर्जून नमूद करीत. जेथे अन्न तुटपुंजे होते आणि औषधांची चणचण होती, तेथेही आयांना योग्य सल्ला व आधार मिळाला, तर काय साधते, याचा हा दाखला होता.

सुटकेनंतर १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या माता व बाल आरोग्य विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या. पुढे जमैका, लंडन, बैरुत अशा ठिकाणी त्यांनी संशोधन आणि अध्यापन केले. मोठ्या इमारतींवर व महागड्या यंत्रांवर पैसा उधळण्यापूर्वी आईपर्यंत पोहोचा, उपचार आणि प्रतिबंध वेगळे करू नका, असा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत राहिला. १३ जुलै १९९२ रोजी ऑक्सफर्ड येथे अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पेरलेले उगवले

त्यांनी पुकारलेल्या लढ्यात ख्रिस्तसभेच्या लेकीही उतरल्या, हे सांगताना आम्हांस समाधान वाटते. १९७६ साली अमेरिकेतील मौल्यवान रक्ताच्या धर्मभगिनींनी, आपल्याकडे समभाग असलेल्या एका कंपनीस, गरीब देशांतील तिच्या दूधभुकटीच्या विक्रीवरून न्यायालयात खेचले. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. भारताने १९९२ साली तसा कायदा केला. १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी व्हॅटिकनमधील एका अभ्याससभेत स्तनपानाचे महत्त्व सांगून मातांना समाजाने साथ द्यावी, असे आवाहन केले.

आईचे शिक्षण आणि मुलाचे आरोग्य यांचे नाते पुढे आकडेवारीनेही दाखविले. १९७९ साली जॉन कॉल्डवेल या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी नायजेरियातील माहितीवरून मांडले, की शिकलेल्या आईची मुले अधिक जगतात आणि याचे कारण केवळ घरची सुबत्ता हे नाही. शिकलेली आई आजार लवकर ओळखते, दवाखान्यात धीटपणे प्रश्न विचारते आणि कोणाच्या ताटात काय पडावे, याविषयी घरात तिचा शब्द चालतो. सुबत्तेचा वाटा असतोच, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखविले. तरी शिक्षणाचे मोल त्याने सरत नाही. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, शाळेत न गेलेल्या मातांच्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ४६ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. बारा वा अधिक वर्षे शिकलेल्या मातांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे २६ टक्के होते.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात १९९२-९३ मध्ये कुपोषणाने दगावलेली बालके आपल्याच शेजारची होती. तेथील आयांना दोष देणे सोपे आहे. परंतु भूक आणि स्थलांतर ज्यांच्या पाचवीला पुजले आहे, त्यांना उपदेश करण्याआधी त्यांच्या झोपडीत बसून त्यांचे ऐकावे लागेल. विल्यम्स यांनी आक्रा येथे तेच केले. मुलीची शाळा मध्येच सुटणार नाही, याची काळजी प्रत्येक धर्मग्रामाने वाहावी. विवाहपूर्व शिबिरांत बाळाच्या आहाराविषयी वधूइतकेच वरालाही सांगावे. अंगणवाडी सेविकेच्या कामास आपण मान आणि साथ द्यावी. आज जी मुलगी पाटी घेऊन शाळेत बसली आहे, तिच्या उद्याच्या बाळाचे आयुष्य तेथेच वाढते आहे.

नाझरेथच्या घरी बाळ येशूला अंगावर पाजून वाढविणारी पवित्र मरिया सर्व मातांची सोबती होवो आणि त्यांच्यापर्यंत खरे ज्ञान नेण्याची बुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो, हीच प्रार्थना.