वीस पौंडांत मैदान राखणारा कारभारी

गोल्फ म्हटले की आपल्याकडे उच्चभ्रूंचे क्लब, भरभक्कम वर्गणी आणि कुंपणाआड जपलेली हिरवळ डोळ्यांपुढे येते. मात्र ज्या गावाला या खेळाचे माहेरघर मानले जाते, त्या स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे गोल्फचे मैदान ही कुणा क्लबची मालमत्ता नाही. ती गावाच्या वहिवाटीची जमीन आहे. तेथे विणकर, कोळी, जमीनदार आणि विद्यापीठातील प्राध्यापक एकाच गवतावर खेळत आले. सर्वांना विनामूल्य खुले असलेले असे मैदान चालवायचे कसे, आणि त्याचा खर्च उचलायचा कोणी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात सेंट अँड्र्यूजपुढे उभा राहिला. तो ज्यांनी जवळजवळ चार दशके आपल्या फावड्याने आणि हातगाडीने सोडवला, ते टॉम मॉरिस. चार वेळा 'ओपन' स्पर्धा जिंकणारे खेळाडू म्हणून क्रीडाजगत त्यांना ओळखते. परंतु त्यांच्या आयुष्याची खरी कमाई मैदानाचा कारभार हीच होय.

विणकराचा मुलगा

मॉरिस यांचा जन्म १६ जून १८२१ रोजी सेंट अँड्र्यूज येथे झाला. वडील हातमागावर कापड विणत. गाव आणि समुद्र यांच्यामधली वालुकामय, गवताळ पट्टी म्हणजे तेथील 'लिंक्स'. या जमिनीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी १५५२ मध्ये सनदेद्वारे मान्य केला होता. पुढे १७५४ मध्ये २२ प्रतिष्ठितांनी मिळून तेथे गोल्फ मंडळ स्थापन केले. तेच आजचा 'रॉयल अँड एन्शंट' क्लब.

हक्क कागदावर असला, तरी जमीन सुरक्षित नव्हती. कर्जबाजारी झालेल्या नगरपालिकेने १७९७ मध्ये ती हातातून घालवली आणि मैदानावर सशांची पैदास सुरू झाली. सशांनी पोखरलेल्या बिळांमुळे खेळणे अशक्य होऊ लागले. गोल्फ खेळणारे आणि ससेपालक यांच्यात कोर्टकचेरीपासून हाणामारीपर्यंत सारे प्रकार सुमारे वीस वर्षे चालले. अखेर १८२१ मध्ये, म्हणजे मॉरिस यांच्या जन्माच्याच वर्षी, स्ट्रॅथटायरमचे जमीनदार आणि स्वतः गोल्फचे शौकीन असलेले जेम्स चीप यांनी ही जमीन विकत घेतली. खेळ वाचला, पण गावाची जमीन एका घराण्याच्या मर्जीवर राहिली.

चेंडूवरून फारकत

किशोरवयातच मॉरिस यांना त्या काळचे अव्वल खेळाडू ॲलन रॉबर्टसन यांच्याकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. तेव्हाचा गोल्फचा चेंडू म्हणजे चामड्याच्या छोट्या पिशवीत ठासून भरलेली पिसे. कुशल कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चारच चेंडू तयार होत. त्यामुळे चेंडू महाग आणि खेळही खर्चिक होता. १८४८ च्या सुमारास गट्टापर्चा या झाडाच्या चिकापासून बनवलेला चेंडू बाजारात आला. तो स्वस्त, टिकाऊ आणि पुन्हा घडवता येण्याजोगा होता. रॉबर्टसन यांना आपला धंदा बुडण्याची धास्ती वाटली. मॉरिस यांना मात्र नव्या चेंडूचे भवितव्य दिसले. या मतभेदातून गुरू-शिष्यांची फारकत झाली. पुढील काळाने मॉरिस यांच्या बाजूने कौल दिला. चेंडू स्वस्त झाल्याने सामान्य माणूस खेळाकडे वळला, आणि मैदानांवरील ताणही वाढत गेला.

याच सुमारास कर्नल जेम्स ओगिल्वी फेअरली यांनी मॉरिस यांना स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे बोलावले. १८५१ मध्ये तेथे नवा क्लब निघाला होता. मॉरिस यांनी अपुऱ्या, उंचसखल जागेत बारा होलचे मैदान आखले आणि त्याची देखभालही पत्करली. मैदान राखण्याचे धडे त्यांनी येथेच गिरवले. वाळूने भरलेली हातगाडी एका ग्रीनवर चुकून कलंडली आणि काही दिवसांनी तेथील गवत अधिक दाट, निरोगी झालेले दिसले, अशी एक कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, ग्रीनवर वाळूचा पातळ थर देण्याची पद्धत मॉरिस यांनी आयुष्यभर पाळली आणि ती पुढे जगभरातील मैदानांवर रूढ झाली.

१८६० मध्ये प्रेस्टविकवर पहिली ओपन स्पर्धा झाली. अवघ्या आठ खेळाडूंच्या त्या स्पर्धेत मॉरिस दुसरे आले. त्यानंतर १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ मध्ये त्यांनी ती जिंकली. १८६२ चा विजय तेरा फटक्यांच्या फरकाचा होता, आणि १८६७ मध्ये ४६ व्या वर्षी मिळवलेले विजेतेपद वयाच्या दृष्टीने ओपनमध्ये आजतागायत अजोड आहे.

पन्नास पौंड पगार, वीस पौंड खर्च

सेंट अँड्र्यूजमध्ये मात्र या काळात मैदानाची रया जात चालली होती. १८५२ मध्ये गावात रेल्वे आली, खेळणाऱ्यांची गर्दी वाढली. रॉबर्टसन यांचे १८५९ मध्ये निधन झाले होते. अखेर १८६४ मध्ये रॉयल अँड एन्शंट क्लबने मॉरिस यांना परत बोलावण्याचा निर्णय घेतला. वार्षिक वेतन ठरले ५० पौंड. मैदानाच्या देखभालीच्या साहित्यासाठी वर्षाला आणखी २० पौंड. जड कामासाठी आठवड्यातून दोन दिवस एक मजूर. फावडे, कुदळ आणि हातगाडी ही अधिकाराची चिन्हे म्हणून त्यांच्या स्वाधीन करण्यात आली.

या अंदाजपत्रकात एक विसंगती होती. जमीन चीप घराण्याची, खेळण्याचा हक्क गावाचा आणि खर्च क्लबच्या सभासदांचा. ज्या मैदानाचे मूठभर सभासद पैसे देत होते, त्याच मैदानावर पैसे न देणारे शेकडो गावकरी खेळत होते. शिवाय तेथे मेंढ्या चरत, ओढ्याकाठी धुतलेले कपडे वाळत घातले जात, गाड्या ये-जा करीत. कुंपण घालावे, प्रवेशशुल्क लावावे, हा सोपा मार्ग मॉरिस यांच्यापुढे नव्हताच. वीस पौंडांत जे जमेल ते करायचे होते.

त्यामुळे त्यांनी फुकट मिळणाऱ्या गोष्टींवर भर दिला. वाळू लिंक्सवर मुबलक होती. ती चाळून ग्रीनवर पसरण्यास केवळ श्रम लागत. गवत आटोक्यात ठेवण्याचे बरेचसे काम मेंढ्या आणि ससे करीत. खेळाची वाट अडवणारी काटेरी झुडपे तोडून त्यांनी मैदान रुंद केले, म्हणजे पायांचा भार एकाच पट्ट्यावर पडू नये. पूर्वी पुढचा चेंडू आदल्या होलच्या लगतच ठेवून मारला जाई, आणि चेंडू ठेवण्यासाठी लागणारी चिमूटभर वाळूही त्या होलमधूनच काढली जाई. परिणामी होल रुंद व ओबडधोबड होत आणि आजूबाजूचे गवत नाहीसे होई. मॉरिस यांनी पहिला फटका मारण्यासाठी वेगळ्या जागा तयार केल्या. होलच्या कडा ढासळू नयेत म्हणून आत धातूचे कडे बसवण्याच्या पद्धतीचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. १८७० मध्ये स्विल्कन ओढ्यालगत पहिल्या होलसाठी त्यांनी स्वतंत्र ग्रीन घडवले. त्यामुळे मैदान उजवीकडून आणि डावीकडून अशा दोन्ही दिशांनी खेळणे शक्य झाले. दिशा आलटून-पालटून बदलल्याने जमिनीला विसावा मिळू लागला.

विसाव्याचा त्यांचा आग्रह रविवारच्या बाबतीत सर्वांत ठाम होता. चर्चचे निष्ठावान सेवक असलेले मॉरिस रविवारी खेळू देत नसत. त्यामागे श्रद्धा होती, तसा हिशेबही होता. दुरुस्तीसाठी पैसा नसेल, तर जमिनीला आठवड्यातून एक दिवस स्वतःहून सावरू देणे हाच सर्वांत स्वस्त उपाय.

स्वतःच्या संसाराचा जमाखर्च त्यांनी वेगळा मांडला. १८६६ मध्ये अठराव्या ग्रीनसमोरील घर घेऊन त्यांनी काठ्या आणि चेंडू बनवण्याचे दुकान थाटले. खेळाच्या बक्षिसांवर घर चालण्याचे ते दिवस नव्हते. १८६४ मध्ये ओपनच्या विजेत्याला प्रथमच रोख रक्कम मिळाली, ती होती अवघी सहा पौंड.

मुलाची कीर्ती आणि वियोग

मॉरिस यांचा पहिला मुलगा टॉम चौथ्या वर्षीच दगावला होता. १८५१ मध्ये जन्मलेल्या दुसऱ्या मुलाचेही नाव टॉमच ठेवण्यात आले. 'यंग टॉम' या नावाने तो अजरामर झाला. १८६८ मध्ये अवघ्या सतराव्या वर्षी त्याने ओपन जिंकली. १८६९ आणि १८७० मध्येही जिंकून विजेत्याचा पट्टा कायमचा मिळवला. १८७१ मध्ये स्पर्धाच झाली नाही आणि १८७२ मध्ये पुन्हा तोच विजेता ठरला.

सप्टेंबर १८७५ मध्ये पिता-पुत्र नॉर्थ बेरिक येथे सामना खेळत असताना यंग टॉमच्या पत्नीचे बाळंतपण अडल्याची तार आली. खाडी ओलांडून गावी परतेपर्यंत पत्नी आणि बाळ दोघेही हे जग सोडून गेले होते. त्या धक्क्यातून तो सावरला नाही. त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी मॉरिस यांच्या पत्नी ॲग्नेस यांचेही निधन झाले. यंग टॉमच्या स्मारकासाठी साठ गोल्फ मंडळांनी वर्गणी दिली. मॉरिस यांनी मात्र मैदानाचे काम सोडले नाही. पुढील वर्षांत त्यांची उरलेली अपत्येही त्यांच्या डोळ्यांदेखत गेली.

जमीन पुन्हा गावाची

अनुभवी राखणदार म्हणून मॉरिस यांना ठिकठिकाणांहून बोलावणी येत. इंग्लंडमधील वेस्टवर्ड हो, उत्तर स्कॉटलंडमधील डॉर्नॉक, आयर्लंडमधील काउंटी डाउन आणि लाहिंच, एडिनबरोजवळचे म्युरफिल्ड अशा अनेक मैदानांच्या आखणीत त्यांचा हात होता. मोबदला माफक असे. जमिनीचे मूळचे चढउतार जसेच्या तसे वापरायचे, भराव आणि खोदाई टाळायची, या त्यांच्या रीतीमुळे लहान गावांनाही मैदान परवडू लागले.

दरम्यान सेंट अँड्र्यूजमध्ये मालकीचा जुना प्रश्न ऐरणीवर आला. एकच मैदान वाढत्या गर्दीला पुरेना. क्लबकडे पैसा होता, गावाकडे हक्काची परंपरा होती. १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्यान्वये लिंक्सची मालकी नगरपालिकेकडे आली. जुन्या मैदानाची देखभाल आणि नव्या मैदानाची उभारणी क्लबने स्वखर्चाने करावी, गावकऱ्यांचे विनामूल्य खेळणे अबाधित राहावे आणि कारभार दोहोंच्या प्रतिनिधींनी मिळून पाहावा, अशी तडजोड झाली. १८९५ मध्ये 'न्यू कोर्स' सुरू झाला. त्याच्या आखणीतही पंचाहत्तरीकडे झुकलेले मॉरिस होतेच. गावाला जमीन परत मिळाली, तेव्हा ती खेळण्याजोगी राहिली होती, याचे मोठे श्रेय त्यांच्या तीस वर्षांच्या कष्टांना जाते.

१९०३ मध्ये मॉरिस निवृत्त झाले. क्लबने त्यांचे ५० पौंडांचे वेतन अखेरपर्यंत चालू ठेवले आणि चित्रकार सर जॉर्ज रीड यांच्याकडून त्यांचे व्यक्तिचित्र काढून घेतले. २४ मे १९०८ रोजी, ८७ वा वाढदिवस काही आठवड्यांवर असताना, न्यू गोल्फ क्लबच्या इमारतीतील जिन्यावरून पडून त्यांचे निधन झाले. कॅथेड्रलच्या आवारात मुलाच्या स्मारकाजवळच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

खर्चाचा प्रश्न त्यांच्यानंतरही संपला नाही. १९१३ मध्ये जुन्या मैदानावर बाहेरून येणाऱ्यांना शुल्क लावण्याची तरतूद झाली. १९४६ मध्ये गावकऱ्यांचे विनामूल्य खेळणे बंद होऊन त्यांनाही अल्प वर्गणी भरावी लागली. १९७४ मध्ये संसदेच्या आणखी एका कायद्याने 'सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट' स्थापन झाला. आता पाहुण्यांच्या शुल्कातून देखभाल होते, गावकरी सवलतीत खेळतात आणि शिल्लक रक्कम मैदानांवरच खर्च होते. २००८ मध्ये तेथील सातवे सार्वजनिक मैदान खुले झाले.

अठराव्या होलला आज टॉम मॉरिस यांचे नाव आहे. मोठ्या स्पर्धांचा अपवाद वगळता जुने मैदान रविवारी खेळासाठी बंदच असते. त्या दिवशी गावकरी मुलाबाळांसह तेथे फिरायला येतात. त्यांना कोणी अडवत नाही आणि शुल्कही विचारत नाही.