होमी भाभा : मेकॅनिकलचा विद्यार्थी, इलेक्ट्रॉनिक्सचा पाया

होमी भाभा म्हटलं की आपल्याला अणुबॉम्ब, बी.ए.आर.सी. आणि शाळेच्या पुस्तकातला तो सुटाबुटातला फोटो आठवतो. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे आणखी एका कारणासाठी बघायला हवं. आज आपण लॅबमध्ये ऑप-अँपवर जे अॅम्प्लिफायर, कंपॅरेटर, लॉग अँप करतो, त्या जातीची सर्किट्स देशात बनली पाहिजेत, नुसती विकत आणून चालणार नाही, हा हट्ट या माणसाने आयुष्यभर धरला. म्हणून हा लेख.

भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईत झाला. वडील जहांगीर भाभा वकील. आत्याचे यजमान म्हणजे सर दोराबजी टाटा. घरात पुस्तकं, चित्रं आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड्स भरपूर. शाळा कॅथेड्रल, पुढे एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. 1927 साली पोरगा केंब्रिजला गेला. घरच्यांचा प्लॅन पक्का होता : मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं, परत यायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात मोठ्या खुर्चीवर बसायचं.

आता गंमत बघा. आपल्या होस्टेलमध्ये निम्मी मुलं घरच्यांच्या आग्रहाने इंजिनिअरिंगला आली आहेत. भाभांचंही तेच झालं होतं. केंब्रिजला गेल्यावर त्यांना फिजिक्सचं वेड लागलं. त्या काळात तिथे डिरॅक होते, कॅव्हेंडिश लॅबमध्ये रोज काहीतरी नवीन सापडत होतं. होमीने वडिलांना कळवलं की मला इंजिनिअर व्हायचं नाही. वडिलांनी आरडाओरडा केला नाही, पण अट घातली : आधी मेकॅनिकलमध्ये फर्स्ट क्लास आण, मग गणित शिकायला आणखी पैसे देतो. होमीने मेकॅनिकल अर्धवट टाकलं नाही. 1930 साली फर्स्ट क्लास आणला, 1932 साली गणितातही आणला आणि मग फिजिक्सकडे वळला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात त्याचं गणित त्यांनी मांडलं, त्याला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात. 1937 साली हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी कॉस्मिक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत दिला.

1939 साली ते सुट्टीवर भारतात आले आणि महायुद्ध सुरू झालं. परतीचा रस्ता बंद. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, जिथे सी. व्ही. रामन होते, तिथे त्यांनी कॉस्मिक किरणांचा विभाग सुरू केला. इथे थिअरीवाल्या भाभांची इलेक्ट्रॉनिक्सशी खरी गाठ पडली. कारण कॉस्मिक किरण कागदावर मोजता येत नाहीत, त्याला काउंटर लागतात, आणि काउंटरला सर्किट लागतं.

हे सर्किट काय करतं ते थोडक्यात सांगतो. गायगर काउंटरच्या नळ्या एकावर एक ठेवायच्या. वरून आलेला कण सगळ्या नळ्यांतून आरपार गेला, तर सगळ्यांतून एकदम पल्स येतात. एकदम आलेल्या पल्सच मोजायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या. याला कोइन्सिडन्स सर्किट म्हणतात. आता प्रश्न असा की "एकदम" म्हणजे किती वेळात? समजा दोन नळ्या आहेत, प्रत्येकीत सेकंदाला 100 पल्स येतात आणि पल्सची रुंदी 10 मायक्रोसेकंद आहे. तर निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या पल्स मिनिटाला सुमारे 12 निघतात. म्हणजे कण नसतानाही मीटर कण दाखवतो! पल्स 1 मायक्रोसेकंदाची केली तर हा आकडा मिनिटाला एकच्या आसपास येतो. किंवा रुंदी तीच ठेवून तिसरी नळी लावली तर तासाला साधारण एक. इनपुट अॅनालॉग पल्स, आउटपुट हो किंवा नाही. आज ज्याला मिक्स्ड सिग्नल म्हणतात त्याचंच हे जुनं रूप, फक्त आयसीच्या जागी व्हॉल्व्ह.

बंगलोरमध्ये भाभांना दिसलं की भारतात हुशार लोक आहेत, पण त्यांना एकत्र काम करायला जागा नाही. 12 मार्च 1944 रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून संशोधन संस्थेसाठी मदत मागितली. अणुशक्तीचा स्फोट जगाला दिसायच्या आधी एक वर्ष! 1945 साली टी.आय.एफ.आर. बंगलोरमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत आली. जागा होती पेडर रोडवरचा केनिलवर्थ बंगला, जिथे भाभांचा जन्म झाला होता. 1948 साली अणुऊर्जा आयोग आला, अध्यक्ष भाभा.

खरी परीक्षा झाली ती अप्सरा रिअॅक्टरच्या वेळी. 1955 साली रिअॅक्टर बांधायचं ठरलं. इंधन ब्रिटनकडून घेतलं, पण रिअॅक्टर आणि त्याची कंट्रोल सिस्टिम इथेच बनवायची असं ठरवलं. ते काम ए. एस. राव यांच्या इलेक्ट्रॉनिक्स ग्रुपकडे आलं.

हे काम सोपं का नव्हतं, बघा. रिअॅक्टर सुरू होताना डिटेक्टरचा करंट इतका कमी असतो की आपला 741 त्याचं मोजमाप करूच शकत नाही, कारण त्याचा स्वतःचा बायस करंटच त्याहून जास्त असतो. पॉवर वाढते तसा हा करंट लाखो पटींनी वाढतो. साधा लिनिअर मीटर लावला आणि वरचं टोक 10 व्होल्ट धरलं, तर दहा लाख पट खाली सिग्नल 10 मायक्रोव्होल्ट उरतो. तो ऑफसेटमध्ये बुडून जाईल. म्हणून अशा ठिकाणी लॉग अॅम्प्लिफायर वापरतात. ट्रान्झिस्टरच्या जंक्शनवर करंट दहापट झाला की व्होल्टेज फक्त 60 मिलिव्होल्टने वाढतो, म्हणजे दहा लाख पटींचा पसारा 360 मिलिव्होल्टमध्ये मावतो. व्हॉल्व्हच्या काळात हेच काम व्हॉल्व्ह डायोडकडून करून घेत.

पुढची युक्ती तर आणखी छान. लॉगचं आउटपुट डिफरन्शिएटरला द्यायचं. पॉवर ठरावीक काळात दुप्पट-दुप्पट होत असेल तर लॉग सरळ रेषेत चढतो, आणि त्या रेषेचा चढ म्हणजे रिअॅक्टर किती वेगाने पळतोय ते. चढ मर्यादेबाहेर गेला की कंपॅरेटर उलटतो आणि कंट्रोल रॉड खाली पडतात. थर्ड सेमच्या जर्नलमध्ये आपण हे तिन्ही ब्लॉक वेगवेगळे उतरवून सही घेतो. एकत्र जोडले की ते माणसांचा जीव सांभाळतात.

4 ऑगस्ट 1956 रोजी अप्सरा सुरू झाला. रशिया सोडला तर आशियातला हा पहिला रिअॅक्टर. टी.आय.एफ.आर.मध्ये त्याच सुमारास आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा कॉम्प्युटर बनत होता, तो 1960 साली पूर्ण झाला.

1962 च्या चीन युद्धानंतर इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपण किती मागे आहोत ते सरकारला कळलं. ऑगस्ट 1963 मध्ये भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स कमिटी नेमली गेली. सदस्य विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि ए. एस. राव. कमिटीने देशातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा पुढच्या दहा वर्षांचा आराखडा तयार केला. पण रिपोर्ट छापून आलेला भाभांनी पाहिला नाही. 24 जानेवारी 1966 रोजी एअर इंडियाचं कांचनजंगा हे विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. विमानातले सगळे 117 जण गेले, त्यात भाभा होते. वय 56. लग्न केलं नव्हतं.

पुढच्या वर्षी, 1967 मध्ये, ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. त्याच वर्षी हैदराबादला ई.सी.आय.एल. सुरू झाली, ए. एस. राव यांच्या हाताखाली. ज्या मतदान यंत्राचं बटण आपण दाबतो ती यंत्रं बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी ही एक.

सगळं गोड गोड लिहून थांबणं बरोबर नाही. मेघनाद साहा यांचा भाभांच्या पद्धतीला विरोध होता. त्यांचं म्हणणं असं की संशोधन विद्यापीठांत व्हावं, वेगळ्या सरकारी संस्थांत नको, नाहीतर कॉलेजं कोरडी पडतील. मला वाटतं दोघंही बरोबर होते. संस्था नसत्या तर अप्सरा झाला नसता. पण आपल्यासारख्या कॉलेजांच्या लॅबमध्ये आजही तयार किट असतं, पॅच कॉर्ड लावायची, रीडिंग घ्यायचं आणि घरी जायचं. साहांची भीती खोटी नव्हती.

माझं गाव मुकुटबन. तिथे सिमेंटचा कारखाना आहे. सिमेंटच्या भट्टीत क्लिंकर बनायला साधारण 1450 अंश तापमान लागतं. असं तापमान मोजणारा थर्मोकपल एका अंशाला जेमतेम काही मायक्रोव्होल्ट देतो. तो सिग्नल मोठा करून, गोंगाटातून वाचवून, 4 ते 20 मिलिअँपिअरच्या लूपवर कंट्रोल रूमपर्यंत न्यावा लागतो. म्हणजे भाभांच्या माणसांपुढे जो प्रश्न होता त्याचा धाकटा भाऊ झरी जामणी तालुक्यातही सापडतो. असा प्रश्न सोडवायला रिअॅक्टर लागत नाही. एक ब्रेडबोर्ड, एक चांगला ऑप-अँप आणि आठवडाभराच्या संध्याकाळी पुरतात. फायनल इयरचा प्रोजेक्ट नागपूरहून विकत आणायच्या आधी एवढं तरी करून बघू या.