मंडालेतील पाच चतुर्थ्या

श्रींची प्रतिष्ठापना करिताना लोकमान्य टिळकांचे स्मरण आम्हांस सहजच होते. सार्वजनिक उत्सव त्यांनी एकट्यानेच निर्माण केला, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पुण्यात तो आधीच सुरू झाला होता. टिळकांनी ‘केसरी’तून त्याचा पुरस्कार केला आणि १८९४ मध्ये विंचूरकर वाड्यात स्वतः श्रींची स्थापना केली. राजकीय सभेस जाण्यास कचरणारा गृहस्थ आरतीस निर्धास्तपणे येई, आणि मेळ्यांच्या पदांतून देशाची दुःस्थिती त्याच्या कानी पडे. दुष्काळ, प्लेगच्या काळातील घरझडत्या, पुढे १९०५ ची वंगभंगाची जखम यांनी तो असंतोष स्वराज्याच्या मागणीपर्यंत नेला.

त्याचे मोल टिळकांनी चुकविले. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पुण्यात श्री येत होते, जात होते. हा भक्त मंडालेच्या कोठडीत पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होता. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची वार्ताही त्यांना तेथेच सोसावी लागली. १९१४ साली सुटका होताच त्यांनी पुन्हा कार्यास वाहून घेतले आणि १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापिली.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. गिरगावच्या ज्या चौपाटीवर आपण श्रींना निरोप देतो, तेथेच त्यांच्या चितेस अग्नी देण्यात आला.