दख्खनला निघालेला हाफिज जहाजातून उतरला आणि शिराझचाच होऊन राहिला

२१ मार्चच्या आसपास इराणमध्ये नवरोज सुरू होतो. आपल्याकडचे पारशी जमशेदी नवरोज म्हणून साजरा करतात, तोच हा दिवस. तिकडं मात्र शाळांना जवळपास दोन आठवडे सुट्टी असते आणि लोक घरदार घेऊन फिरायला निघतात. त्यात शिराझ ठरलेलं. या दिवसांत तिथं नारिंगाच्या झाडांना बहर आलेला असतो, जवळच पर्सेपोलिसचे अडीच हजार वर्षांपूर्वीचे अवशेष आहेत. पण शिराझला येऊन हाफिजच्या कबरीवर न जाता परतणारा माणूस विरळाच.

गंमत म्हणजे ज्याच्यासाठी लोक इतक्या लांबून येतात, त्या हाफिजची स्वतःची प्रवासाच्या नावानं बोंब होती.

त्याचं खरं नाव शम्सुद्दीन मुहम्मद. जन्म शिराझचाच, १३१५ ते १३२५ च्या दरम्यानचा. कुराण तोंडपाठ असणाऱ्याला हाफिज म्हणतात, तेच त्यानं कवी म्हणून नाव घेतलं. सुरुवातीला दिवस बरे होते. शिराझचा राज्यकर्ता अबू इसहाक कवितेचा शौकीन होता, त्याच्या दरबारात हाफिजला मान होता.

१३५३ मध्ये चित्र पालटलं. मुबारिझुद्दीननं शिराझ जिंकलं, पुढं अबू इसहाकला ठार मारलं. नवा राजा कमालीचा कर्मठ. त्यानं शहरातले दारूचे गुत्ते बंद केले, लोकांवर धर्माचा पहारा बसवला. मद्य, प्रेम आणि ढोंगी धर्ममार्तंडांची टर हे ज्याच्या गझलांचे आवडते विषय, त्याच्यासाठी हा काळ किती अवघड असेल याचा अंदाज बांधता येतो. हाफिजनं ढोंगावर लिहिणं सोडलं नाही. पाच वर्षांनी मुबारिझुद्दीनच्याच मुलानं, शाह शुजानं, बापाला कैद करून त्याचे डोळे काढले आणि गादी घेतली. गुत्ते पुन्हा उघडले.

पण या शाह शुजाशीही हाफिजचं कायम जमलं असं नाही. मधला काही काळ त्यानं यझ्द शहरात काढला असं मानतात. तिथं त्याचं मन काही रमलं नाही.

आता येतो आपल्या दख्खनचा संबंध. तेव्हा इथं बहमनी सुलतानांचं राज्य होतं, राजधानी गुलबर्गा. दुसरा मुहम्मदशाह विद्वानांचा चाहता. पुढं दख्खनमध्येच राहून इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्तानं दिलेली हकीकत अशी: सुलतानाचा वजीर मीर फजलुल्लाह यानं हाफिजला निमंत्रण आणि वाटखर्चाला पैसे धाडले. हाफिजनं त्यातले काही बहिणीच्या मुलांना दिले, काहींतून कर्ज फेडलं आणि उरलेले घेऊन निघाला. वाटेत लुटला गेलेला एक ओळखीचा माणूस भेटला, उरलेले पैसे त्याला देऊन टाकले. खिसा रिकामा! शेवटी इराणी व्यापाऱ्यांनी त्याला होर्मुझ बंदरापर्यंत नेलं. तिथं तो जहाजात चढला आणि नेमकं वादळ सुटलं. हाफिजला समुद्राची अशी धास्ती बसली की काहीतरी निमित्त सांगून तो खाली उतरला, एक गझल लिहून वजिराकडं पाठवली आणि घरी परतला.

सुलतान चिडला नाही. उलट त्यानं शिराझला भेटवस्तू पाठवल्या.

हाफिज १३९० च्या सुमारास गेला. त्याच्या गझलांचा दीवान, म्हणजे संग्रह, त्याच्या मृत्यूनंतर तयार झाला. दंतकथा सांगते की गुत्त्यांवर लिहिणाऱ्याचा दफनविधी करायला काहींनी विरोध केला. मग त्याच्याच शेरांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलली, तर त्यात हाफिजच्या जनाजाकडं पाठ न फिरवण्याची विनंती निघाली. विरोध तिथंच संपला.

खरं-खोटं कुणास ठाऊक, पण हाफिजकडून कौल घेण्याची पद्धत आजही जिवंत आहे. मनात प्रश्न धरायचा, दीवान कुठंही उघडायचा आणि समोर येईल ती गझल म्हणजे उत्तर. नवरोजला घरात मांडतात त्या हफ्त-सीनच्या मांडणीतही अनेकजण दीवान ठेवतात.

कबरीवरचा संगमरवरी दगड १७७३ मध्ये करीमखान झंदनं बसवला. आठ खांबांवरचा तांब्याचा घुमट मात्र १९३५ चा, फ्रेंच वास्तुविशारद आंद्रे गोदारनं आखलेला. लोक दगडावर दोन बोटं टेकवतात, फातिहा म्हणतात, मग हळूच कौल घेतात. फाटकाबाहेर पिंजऱ्यातला छोटा पक्षी घेऊन फेरीवाले उभे असतात. आपल्याकडच्या पोपटवाल्या ज्योतिषासारखाच प्रकार, फक्त पक्ष्यानं चोचीत उचललेल्या चिठ्ठीवर हाफिजच्या ओळी असतात.