व्यंकटेश खेडगीकरांचं दुसरं नाव

आमच्या कळंब भागात माणसाला निदान दोन नावं असतात. एक बारशाला ठेवलेलं आणि दुसरं चिकटलेलं. पहिलं शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर आणि लग्नपत्रिकेत दिसतं. दुसरं मात्र शेवटपर्यंत सोबत करतं. बँकेच्या नोकरीत असताना माझा बराच वेळ या दोन नावांची गाठ घालून देण्यात जायचा. खातं पंढरीनाथच्या नावाचं आणि गाव ओळखतं ते अण्णाला. नोटीस घेऊन गेलेला शिपाई ती तशीच परत आणायचा, कारण पंढरीनाथ नावाचं कुणी त्या गल्लीला ठाऊकच नसे. मग फॉर्मवर ‘उर्फ’ आलं. मराठी माणसाचं निम्मं चरित्र या एका अडीच अक्षरी शब्दात मावतं, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

हे असं का होतं, याची कारणं घरातच सापडतात. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आणि सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हीसुद्धा रीतच! मग त्या माऊलीनं पोटच्या पोराला हाक कशी मारायची? म्हणून तो बाळ होतो, बापू होतो, दादा होतो आणि सत्तर वर्षांचा झाला तरी बापूच राहतो. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे दगडू, धोंडू, कचरू अशी नावं ठेवत. यमाची नजर पडू नये म्हणून. मुलींची कथा वेगळी. बारशाचं नाव माहेरी ठेवून यायचं आणि ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नवं नाव सासरी चालवायचं. वारसाच्या प्रकरणात एकाच बाईची तीन नावं तीन कागदांवर निघाली, की त्या तिघी एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आम्ही मागत असू. ती बिचारी अंगठा उठवून निघून जायची.

मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. टिळकांचं नाव केशव; घरात त्यांना बाळ म्हणत, तेच इतिहासात गेलं. साने गुरुजींचं नाव पांडुरंग, विनोबांचं विनायक, गाडगेबाबांचं डेबूजी. पण नीट पाहिलं तर ही सगळी नावं इतरांनी दिलेली आहेत. कुणी प्रेमानं, कुणी आदरानं, कुणी हातातलं गाडगं पाहून. आमच्या मराठवाड्यात एक माणूस असा होऊन गेला, की त्यानं दुसरं नाव विधिपूर्वक घेतलं आणि पहिल्याला जन्मभरासाठी निरोप दिला. त्यात ‘उर्फ’ला जागाच ठेवली नाही. ते स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून त्यांची तसबीर आपल्याकडच्या शाळाशाळांतून असते. १७ सप्टेंबरला तिला हार घातला जातो. त्या भगव्या वस्त्रांतल्या माणसाचं नाव व्यंकटेश खेडगीकर होतं, हे हार घालणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ध्यानात असतं, कोण जाणे.

जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, आज कर्नाटकात असलेल्या सिंदगीचा. व्यंकटेश हे देवाचं नाव आणि खेडगीकर हे गावाचं. आपल्या आडनावातल्या ‘कर’ मध्ये केवढं काय काय दडलेलं असतं! माणूस कुठला, कुणाचा, कोणत्या जातीचा, हे ऐकणारा क्षणात ताडतो आणि त्याप्रमाणे पाट मांडायचा की उंबऱ्याबाहेर ठेवायचं ते ठरवतो. निदान त्या काळी ठरवत असे.

शिक्षणासाठी व्यंकटेश सोलापूरला आला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळक गेले, तेव्हा तो सतरा वर्षांचाही नव्हता. त्या दिवसांत त्यानं आजन्म ब्रह्मचारी राहून देशाचं काम करायचं ठरवलं. सोळा-सतराव्या वर्षी अशा प्रतिज्ञा पुष्कळजण करतात. त्या वयाचा तो धर्मच आहे. पुढे नोकरी लागते, स्थळं सांगून येतात आणि प्रतिज्ञा ट्रंकेत जाते. या मुलाची गेली नाही. असहकाराच्या लाटेत त्यानं सरकारी शाळा सोडली, अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत गेला, तिथून पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात. तिथे लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. मग कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली गिरणी कामगारांचं काम केलं. इथवरचं चरित्र त्या पिढीतल्या एखाद्या हुशार, ध्येयवेड्या तरुणाचं आहे. हा पुढे युनियनचा पुढारी होईल, फार तर प्राध्यापक होईल, असंच कुणीही म्हटलं असतं.

पण प्रकृतीनं दगा दिला. मुंबईतली धावपळ सुटली आणि १९२९ च्या सुमारास हा तरुण आपल्या जिल्ह्यात आला, लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्याला. निजामाच्या राज्यात तेव्हा वरचं शिक्षण उर्दूतून. मराठी पोरांनी मराठीतून शिकावं, म्हणून हिप्परग्यात १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली होती. त्या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. आणि इथे असतानाच, तिशी गाठायच्या आत, व्यंकटेश खेडगीकरांनी संन्यास घेतला.

हा विधी साधा नाही. संन्यास घेणारा आपलं श्राद्ध आपल्याच हातानं करतो. शेंडी आणि जानवं जातं, गोत्र जातं, घरादाराशी नातं संपतं. शंकराचार्यांच्या परंपरेत संन्याशांची दहा नावं आहेत. गिरी, पुरी, भारती, सरस्वती, वन, अरण्य, पर्वत, सागर, आश्रम आणि तीर्थ. त्यांपैकी एक नावामागे लागतं, आडनावाच्या जागी. बँकेत असताना मला याची दुसरी बाजू कळली. विधिवत संन्यास घेतलेला माणूस हिंदू कायद्याच्या दृष्टीनं घराला मेलेला असतो. वडिलोपार्जित मालमत्तेवरचा त्याचा हक्क संपतो. मात्र नुसती भगवी वस्त्रं दाखवून भागत नाही, विधी झाल्याचं शाबीत करावं लागतं. वडिलांच्या नावाचा रकाना हीसुद्धा संन्याशाची जुनी अडचण. त्या जागी गुरूचं नाव लिहायची मुभा आपल्या पासपोर्ट खात्यानं दिली तीही थेट २०१६ मध्ये.

या तरुण मुख्याध्यापकावर स्वामी रामतीर्थांच्या विचारांची मोठी छाप होती. रामतीर्थ हे पंजाबचे. मूळचे तीर्थराम, लाहोरला गणिताचे प्राध्यापक. संन्यास घेताना त्यांनी आपलंच नाव उलटं केलं. तीर्थरामचा रामतीर्थ झाला. गणित शिकवणाऱ्या माणसाला शोभेल असंच ते समीकरण होतं! रामानंद तीर्थ या नावात त्या नावाचा पडसाद मला ऐकू येतो.

आता मला पडणारा प्रश्न असा, की लोकशाहीवर प्रबंध लिहिलेल्या, गिरण्यांच्या फाटकांपाशी उभं राहिलेल्या माणसाला संन्यास कशाला हवा होता? ब्रह्मचर्याचं व्रत तर होतंच. मोक्षासाठी म्हणावं, तर हा संन्यासी हिमालयात गेला नाही. नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत वर्गावर. मला स्वतःला वाटतं, त्यांनी परतीचा रस्ता बंद केला. व्यंकटेश खेडगीकर नावाच्या माणसाला उद्या कुणी लग्नासाठी गळ घातली असती, भावकीनं शेताच्या तुकड्यासाठी बोलावलं असतं, घर आजारी पडलं असतं. रामानंद तीर्थाला यांतलं काहीच लागू नव्हतं. दुसरंही एक आहे. हैदराबाद हे तेलुगू, मराठी, कानडी अशा तीन भाषांचं संस्थान. तिथल्या सगळ्या माणसांचं पुढारपण करायचं, तर ‘कर’ची अडचणच झाली असती. तीर्थ कुठलंही असो, सगळ्यांचंच असतं.

१९३५ मध्ये हिप्परगा सुटलं आणि ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले. सोबत बाबासाहेब परांजपे होते. त्यांचंही खरं नाव रामचंद्र, पण बाबासाहेबच सर्वतोमुखी. गंमत म्हणजे ज्या गावात ते आले, त्याला निजामाच्या दप्तरात मोमिनाबाद म्हणत आणि लोकांच्या तोंडी मात्र अंबाजोगाईच होतं. आमच्या जिल्ह्याचंही तेच. कागदावर उस्मानाबाद, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात धाराशिव. २०२३ मध्ये कागदावरचं नावही धाराशिव झालं. गावांनाही बारशाचं एक आणि हाकेचं एक असतं, इतकंच मी म्हणेन. त्यावरचे वाद मोठ्यांनी घालावेत.

१९३८ मध्ये स्वामीजींनी शाळा सोडली आणि ते पूर्णवेळ राजकारणात उतरले. हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच, त्याच सप्टेंबरात, सरकारनं तिच्यावर बंदी घातली. सरकारला खुपत होतं ते त्या ‘काँग्रेस’ नावानं. बाहेरच्या इंग्रजी मुलखातल्या काँग्रेसशी नातं सांगणारं आणि म्हणून जातीय, असा सरकारचा युक्तिवाद. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, स्वामीजींना अटक झाली. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. दोहोंत गल्लत होऊ लागली तेव्हा, डिसेंबरात, गांधीजींच्या सल्ल्यानं स्टेट काँग्रेसनं आपला सत्याग्रह थांबवला.

इथे त्या नव्या नावाचा काच पहिल्यांदा जाणवतो. जे नाव जात पुसण्यासाठी घेतलं, त्यात धर्म आला होता. काँग्रेस जातीय नाही असं सांगायचं आणि पुढे उभे भगव्या वस्त्रांतले स्वामी! शंका घेणाऱ्यांना आयतंच कोलीत. खेडगीकर सर म्हणून ते उभे राहिले असते तर हा एक आक्षेप तरी टळला असता. याउलट, खेडगीकर सरांच्या मागे किती गावं उठली असती, हेही विचारायला हवं. आमच्या भागातल्या अडाणी म्हाताऱ्यांना प्रबंध कळत नव्हता. सगळं सोडलेला माणूस कळत होता. स्वामीजींनी ती वस्त्रं उतरवली नाहीत आणि त्या वस्त्रांचा आधार घेऊन राजकारण धर्माकडेही नेलं नाही. ही कसरत किती अवघड, ते आज आपण रोज पाहतो आहोत.

पुढची काही वर्षं संस्थेचं नाव बदलण्यावर खल होत राहिला. दुसऱ्या नावाचाही विचार झाला, त्यातून काही निष्पन्न झालं नाही. अखेर १९४६ मध्ये बंदी उठली, ती जुन्याच नावानिशी. आपलं नाव इतक्या सहज टाकून दिलेल्या माणसाच्या वाट्याला एका नावासाठी आठ वर्षांचं भांडण यावं, असा प्रसंग मी कादंबरीत घातला असता तर संपादकांनी खोडला असता.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी स्वामीजी निजामाच्या तुरुंगात गेले. मधली थोडीशी सुटका सोडली, तर पुढचं वर्षभर ते आतच होते. इकडे कळंबच्या पश्चिमेला बार्शी म्हणजे इंग्रजांचा, आता स्वतंत्र भारताचा मुलूख. सीमेवर सशस्त्र तरुणांचे कॅम्प, आत रझाकारांचा धुमाकूळ. भारतीय फौज १३ सप्टेंबर १९४८ ला शिरली, १७ तारखेला निजाम शरण आला आणि त्यानंतरच स्वामीजी खऱ्या अर्थानं मोकळे झाले.

सत्तेच्या राजकारणात ते रमले नाहीत. १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर गेले. मुख्यमंत्रिपद मात्र बी. रामकृष्णराव यांच्याकडे गेलं. या दोघांच्या गटांतली ओढाताण तेव्हा सर्वश्रुत होती. संन्याशाला गट असावा, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण होता. स्वामीजींचा खरा हट्ट हैदराबाद संस्थान मोडून तिन्ही भाषांना आपापल्या राज्यात जाऊ द्यावं, हा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो पुरा झाला. ज्याचं नाव तिन्ही भाषांत खपत होतं, त्यानंच त्या तीन भाषांच्या वेगळ्या चुली मांडून दिल्या आणि खादी, भूदान यांत मन घातलं. १९६७ मध्ये त्यांच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक निघालं. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत ते गेले. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. त्यांना गुरू मानणाऱ्यांत एक पी. व्ही. नरसिंह राव होते. ते पुढे पंतप्रधान झाले आणि स्वतःच्या नावाऐवजी दोन अक्षरांनीच ओळखले गेले.

नांदेडला १९९४ मध्ये नवं विद्यापीठ झालं, त्याला स्वामीजींचं नाव दिलं. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयालाही त्यांचंच नाव आहे. पण एवढं लांब नाव घाईत कोण घेतो? पोरं परीक्षेला बसतात ती ‘स्वारातीम’ विद्यापीठाच्या. आमच्या कळंबात कुणाला ठोकर लागली, सर्पदंश झाला, बाळंतीण अडली आणि इथल्या डॉक्टरांनी हात टेकले, की गाडी अंबाजोगाईच्या वाटेला लागते. मागे राहिलेली माणसं चौकशीला आलेल्या शेजाऱ्यांना एवढंच सांगतात, की पेशंटला स्वारातीला नेलंय.